बसायला एक स्टूल

लग्नसराईचे दिवस आहेत. दुपारचे साडेतीन वाजले आहेत आणि साड्यांच्या दुकानात या वेळी गिऱ्हाईक नाही. काउंटरमागची मुलगी सकाळी दहापासून उभी आहे. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, मग पाठ हळूच मागच्या फळीला टेकवते. गल्ल्यावर बसलेल्या मालकांचे तिकडे लक्ष जाते.

"काय गं, काम नाही वाटतं? घड्या घाल."

घड्या सकाळीच घालून झालेल्या असतात. मुलगी काही बोलत नाही. चार साड्या काढते, मोडते आणि पुन्हा त्यांच्या घड्या घालू लागते.

हे चित्र एका दुकानाचे नाही. इंदूरच्या राजवाड्याजवळ, बेळगावच्या खडेबाजारात, बडोद्याला, सोलापूरला, कुठेही दुपारच्या वेळी कापडाच्या, भांड्यांच्या किंवा चपलांच्या दुकानात डोकावले तर ते दिसते. आणि गंमत अशी की असे मालक दुष्ट असतातच असे मुळीच नाही. याच मालकांनी त्या मुलीच्या आईच्या आजारपणात न मागता पैसे दिलेले असतात. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि साडी चुकत नाही. "आमच्याकडे सगळे घरच्यासारखे," असे ते पाहुण्यांना सांगतात आणि ते मनापासून सांगतात. फक्त दुकानात बसण्याच्या जागा दोनच प्रकारच्या असतात. एक मालकाची आणि दुसरी गिऱ्हाइकाची.

मोठ्या कंपन्यांत कामाचे वातावरण चांगले असावे म्हणून शिबिरे होतात, भाषणे होतात, भिंतीवर तक्ते लागतात. चार-सहा माणसांच्या दुकानाला किंवा कारखान्याला हे परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. तिथले वातावरण अगदी साध्या गोष्टींवर ठरते. काम करणाऱ्याला बसता येते का, पाणी प्यायला आणि लघवीला जाता येते का, पगार कोणत्या तारखेला होतो, आणि चूक झाली तर मालक कोणासमोर बोलतात, एवढ्यावर. यातली पहिली गोष्ट इतकी क्षुल्लक वाटते की तिच्यासाठी कायदा करावा लागेल, असे कोणाला स्वप्नातही वाटले नसते. पण तो करावा लागला.

गादी गेली, काउंटर आला

जुन्या पिढीतल्या वाचकांना कापडाची गादीची दुकाने आठवत असतील. पायरीवर चपला काढायच्या आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर जाऊन बसायचे. समोर दुकानातला माणूसही मांडी घालूनच बसलेला. तो तागा उलगडायचा, लोडाला टेकलेले शेठ मधूनच भावात पडायचे, चहा यायचा. विकणारा आणि घेणारा एकाच पातळीवर बसलेले असत. त्या दुकानातल्या नोकराचे आयुष्य सुखाचे होते असे नव्हे. दिवस लांबलचक होता आणि पगार तुटपुंजा. पण पाय दुखतात ही त्याची तक्रार नव्हती.

मग काचेचे काउंटर आले, दिव्यांचा झगमगाट आला, दुकाने शोरूम झाली. गिऱ्हाइकासाठी खुर्च्या ठेवल्या गेल्या. काउंटरच्या मागच्या बाजूला फक्त दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील एवढी बोळकांडी उरली. तिथे बसण्याचा विचार सुताराने केला नाही आणि मालकांनीही त्याला सांगितले नाही. हळूहळू उभे राहणे हा शिस्तीचाच भाग होऊन बसला. बसलेला माणूस आळशी दिसतो, गिऱ्हाइकाचा अपमान होतो, असे कारण मागाहून जोडले गेले.

शरीर मात्र या शिस्तीला दाद देत नाही. तासन् तास एका जागी उभे राहिल्याने पायांतले रक्त हृदयाकडे परत जाताना त्याला चालण्याने मिळणारी स्नायूंची मदत मिळत नाही. संध्याकाळी पावले सुजतात, टाचा आणि कंबर दुखते आणि पुढे काही वर्षांनी अनेकांच्या पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या शिरा दिसू लागतात. त्यातच ज्या दुकानात स्वच्छतागृह नाही, तिथल्या बायका दुसरा उपाय करतात. त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून ठेवण्याने आणि पाणी कमी पिण्याने मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. दुकानात काम करणाऱ्यांना ते अनुभवाने ठाऊक असते. पण ही गोष्ट गल्ल्यावरच्या काकांना सांगायची कशी?

मिठाई गल्लीतल्या बायका

ती सांगितली केरळच्या कोझिकोडमधल्या बायकांनी. तिथली बाजारपेठ मिठाई तेरुवु, म्हणजे मिठाई गल्ली, पूर्वापार प्रसिद्ध आहे. हलव्याची दुकाने, कापडाची दुकाने, शिंप्यांच्या गाळ्यांची दाटी. या बाजारात विक्रीच्या कामाला असलेल्या बायकांना स्वच्छतागृह नव्हते. जायचे तर जवळच्या एखाद्या हॉटेलात विनवणी करायची. त्याच बाजारात शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी २००९ च्या सुमारास या बायकांना एकत्र आणायला सुरुवात केली. संघटनेला नाव दिले 'पेणकूट्टु', म्हणजे बायकांची सोबत. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती. दुसरी बसण्याच्या हक्काची.

या दुसऱ्या मागणीला लोक आधी हसले असतील तर नवल नाही. पण पुढे त्रिचूरमध्ये कापडाच्या एका मोठ्या दुकानातल्या बायका याच प्रश्नावरून कितीतरी दिवस दुकानाबाहेर बसून राहिल्या, आणि बसण्याचा हक्क हा शब्द मल्याळम वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. अखेर २०१८ साली केरळ सरकारने दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या १९६० च्या कायद्यात दुरुस्ती केली. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला, कामाच्या ओघात बसण्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी सोय मालकाने करावी, असे त्यात आले. त्याच वर्षी बीबीसीने जगभरातल्या शंभर स्त्रियांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात विजी यांचे नाव होते. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही आपल्या १९४७ च्या कायद्यात तसेच कलम घातले.

कायद्याचे शब्द नीट पाहिले तर त्यात मालकाचे काहीच नुकसान दिसत नाही. गिऱ्हाईक समोर असताना बसा, असे कोणी म्हटलेले नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्या, एवढेच म्हटले आहे. खरे तर ही कल्पना नवीही नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानातल्या बायकांसाठी खास कायदा झाला. दर तीन बायकांमागे निदान एक आसन दुकानात असलेच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. आणि आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात, उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय करण्याचे कलम होतेच. लेथवरच्या कामगाराला जे १९४८ साली मिळाले, ते साडी दाखवणाऱ्या मुलीला केरळात २०१८ साली मिळाले. मध्ये सत्तर वर्षे गेली.

घरच्यासारखे म्हणजे कसे?

कायदा झाला तरी लहान दुकानापर्यंत तो पोचतोच असे नाही. महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. दुकानांसाठी कायदा करण्यात मुंबई इलाखा पुढे होता. १९३९ साली तो झाला, मग १९४८ चा व्यापक कायदा आला. त्यानंतर २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना जवळजवळ सर्व कलमांतून मोकळे केले; सरकारला आपली माहिती कळवली की झाले. लहान व्यापाऱ्याच्या मागचा इन्स्पेक्टर आणि रजिस्टरांचा जाच कमी व्हावा हा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ज्यांनी हा जाच भोगला आहे त्यांना विचारावे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की पाच माणसांच्या दुकानात किती वाजता घरी जायचे, सुट्टी कधी घ्यायची आणि जेवायला कुठे बसायचे, हे बहुतांशी मालकच ठरवणार.

इथेच ते 'घरच्यासारखे' आड येते. घरच्या माणसाला कोणी तास विचारत नाही. घरच्या सुनेला रविवार नसतो, हे या पानाच्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको. घरच्यासारखा म्हटला की रात्री साडेनऊला माल उतरवून घ्यायला थांबणे आले, मालकांच्या मुलाला शिकवणीला सोडून येणे आले, वहिनींची भाजी आणणे आले. यातले एकेक काम छोटे असते आणि नाही म्हणणे कृतघ्नपणाचे वाटते. पण घरच्या माणसाला घरात जे मिळते, म्हणजे दमला तर आडवे होण्याची मुभा, न पटले तर बोलण्याची मुभा, ते या घरच्यासारख्या माणसाला मिळत नाही. घरच्यासारखे वागवणे वाईट नाही; ते अर्धेच वागवले जाते, ही अडचण आहे.

उचलीचे पाहा. लहान धंद्यात उचल ही मोठी सोय आहे. बँक जिथे दारात उभे करत नाही तिथे शेठ पाच हजार काढून देतात. पण उचल मालकांच्या वहीत असते, घेणाऱ्याच्या खिशात काही नसते. सहा महिन्यांनी त्याच्या हिशोबाने दोन हजार फिटलेले असतात आणि वहीच्या हिशोबाने बाराशे. कोणीही लबाडी केलेली नसते, एखाद्या महिन्याची नोंद राहून गेलेली असते. तरी त्या दिवसापासून दोघांच्या मनात अढी बसते. माणूस भांडत नाही, एक दिवस नुसता यायचा बंद होतो, आणि मालक म्हणतात, "एवढं केलं त्याच्यासाठी, पण माणसाला जाण नाही." आठ-दहा रुपयांची एक छोटी वही त्याच्याकडे असती, दर पगाराला तीत तोच आकडा लिहून दोघांनी सही केली असती, तर हा प्रसंग आला नसता.

पगाराच्या तारखेचेही तेच. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांना महिना संपल्यावर सात दिवसांची मर्यादा घातली, तेव्हापासून सात तारीख हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला. लहान दुकानात पगार होतो तो वसुली आली की. कधी पाचला, कधी बाराला, कधी अर्धा आज आणि अर्धा पुढच्या आठवड्यात. मालकाच्या दृष्टीने आठ दिवसांचाच प्रश्न असतो. पण ज्या घरात तो पगार जातो तिथे घरभाडे, दुधाचे बिल आणि मुलांची फी तारखेलाच असते. पगार उशिरा होणार असेल तर एक तारखेलाच तसे सांगितले आणि नेमका दिवस सांगितला, तर निम्मी चिंता कमी होते. मागायला लावणे ही सर्वांत वाईट गोष्ट. आपल्याच कष्टाचे पैसे मागताना माणसाला जी लाज वाटते ती तो विसरत नाही.

गिऱ्हाइकासमोर

चूक कोणाच्या हातून होत नाही? भाव चुकीचा सांगितला जातो, काचेचे भांडे फुटते, निळ्याऐवजी हिरवा धागा बिलात जातो. चुकीबद्दल बोलावे लागते, आणि मालकांनी बोललेच पाहिजे, नाहीतर धंदा चालायचा नाही. फरक पडतो तो जागेचा. पुष्कळ मालकांना गिऱ्हाइकासमोर ओरडण्याची सवय असते. त्यामागे एक हिशेबही असतो: गिऱ्हाइकाला कळावे की चूक नोकराची आहे, दुकानाची नव्हे. प्रत्यक्षात गिऱ्हाईक अवघडते, खाली बघते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. आणि ज्याला बोलणे बसले तो त्या दिवसानंतर चूक झाली की सांगत नाही. फुटलेले भांडे खोक्याच्या तळाशी जाते आणि सहा महिन्यांनी मोजणीत सापडते.

हाक कशी मारली जाते, यावरही बरेच कळते. "ए पोऱ्या", "छोटू", "अरे तू, इकडे ये." गॅरेजमध्ये आणि चहाच्या टपरीवर तर छोटू हे जणू पदाचे नाव झाले आहे. (तो छोटू चौदा वर्षांच्या आतला असेल तर त्याला कामाला ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीपासून सर्वच धंद्यांत गुन्हा आहे, याबाबतीत अजूनही आपण सगळे दुसरीकडे बघतो.) पंचविशीतल्या, लग्न झालेल्या माणसाला त्याची बायको डबा द्यायला आली असताना छोटू म्हणून हाक मारली जाते, तेव्हा त्याच्या बायकोला काय वाटत असेल, याचा विचार मालकांच्या मनात येत नाही. त्याला नाव असते. ते वापरायला पैसे पडत नाहीत.

दुकानात मुली काम करत असतील तर आणखी एक गोष्ट मालकांनी आणि मुलींच्या घरच्यांनीही लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लहान दुकानालाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तर आस्थापनेत अंतर्गत समिती लागते; त्यापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे न कळल्यामुळे कित्येक मुली नुसती नोकरी सोडतात, आणि घरी कारण सांगतात ते लांब पडत असल्याचे.

शिकवले तर समोरच दुकान टाकेल

विक्रीच्या दुकानापेक्षा कारागिरीच्या धंद्यात वेगळीच एक भीती असते. मोटार दुरुस्ती, विजेच्या मोटारींचे वाइंडिंग, छपाई, सुतारकाम, नळकाम. इथे मुलगा हेल्पर म्हणून येतो. दोन-तीन वर्षे पाने-हातोडे उचलून देतो, फरशी पुसतो, चहा आणतो. मुख्य काम, म्हणजे तारेचे वेढे किती आणि का, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे मिस्त्री पाठ वळवून करतात. विचारले तर म्हणतात, "बघत राहा, येईल." मालकही मनातून खूश असतात, कारण शिकला की हा मुलगा जाणार आणि रस्त्याच्या पलीकडे स्वतःची पाटी लावणार.

ही भीती खोटी नाही. असे होतेच. खुद्द मालकांनीही बहुधा असेच केलेले असते! पण न शिकवल्याने मुलगा थांबतो, हा समज मात्र टिकत नाही. न शिकलेला हेल्पर पाचशे रुपये जास्त मिळाले की जातो, कारण त्याला इथे धरून ठेवणारे काहीच नसते. शिकणारा मुलगा निदान शिकणे पुरे होईपर्यंत तरी राहतो, आणि त्या तीन-चार वर्षांत त्याच्या हातून होणारे काम मालकांच्याच गल्ल्यात येते. पुढे त्याने पाटी लावली तरी मोठे काम आले, एखादे यंत्र नसले, माणूस कमी पडला, की तो पहिल्यांदा जुन्या उस्तादांकडेच येतो. ज्या गावांत एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेले पाच-सहा जण आपापली गॅरेजे चालवत असतात, तिथे त्या मिस्त्रींना सुटा भाग मिळाला नाही असे सहसा होत नाही.

कारागिरीच्या धंद्यात बसण्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे जपणूक. ग्राइंडरवर चष्मा, वेल्डिंगला काच, विजेच्या कामाला पायात रबरी तळाचे बूट. हे साहित्य बहुतेक ठिकाणी असतेही, पण कपाटात. कारण स्वतः उस्ताद डोळे मिचकावत उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. मुलगा तेच बघतो, आणि चष्मा लावणारा भित्रा ठरतो. उस्तादांनी आठ दिवस स्वतः चष्मा लावून काम केले, की सांगण्याची गरज फारशी उरत नाही.

रविवार कोणाचा?

आठवड्याच्या सुट्टीला महाराष्ट्रात एक इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज पाठवले, आणि १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुकानांना ती पुढे मिळाली. १९४८ च्या कायद्यानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. गावोगावच्या बाजारपेठांचे बंदचे वार त्यातूनच पक्के झाले. कुठे सोमवार, कुठे गुरुवार. त्या दिवशी शटरच वर जात नसे, त्यामुळे सुट्टी कोणाला मागावी लागत नसे.

२०१७ च्या कायद्याने वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवायला परवानगी दिली. कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी दिली पाहिजे, असेही त्यात आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे दहाच्या आतली दुकाने या कलमाच्या बाहेर राहिली. गिऱ्हाइकांची सोय झाली आणि व्यापाऱ्यांचा धंदा वाढला. ज्या दुकानात चारच माणसे आहेत तिथे मात्र सुट्टी पाळीपाळीने घ्यावी लागते आणि ज्याची पाळी असते त्याच्यावर इतर तिघांच्या नजरा असतात. "उद्या ये ना जरा, लग्नाची पार्टी येणार आहे," असे म्हटले की ती पाळी गेली. तिच्या बदल्यात दुसरा दिवस मिळेल असे म्हणतात, तो दिवस येत नाही. महिन्याच्या सुरुवातीला कागदावर चौघांचे वार लिहून तो कागद गल्ल्याच्या मागे चिकटवला, तर मालकांनाही मोह आवरता येतो. कागदावर लिहिलेले मोडताना जरा जड जाते.

आणि गिऱ्हाईक? रात्री नऊ वाजता अर्धे शटर खाली आले असताना वाकून आत येणारे आणि "फक्त दोन मिनिटं हं ताई, एकच बघायची आहे" म्हणणारे आपणच असतो. त्या दोन मिनिटांत तीस साड्या उलगडल्या जातात. आपण एकही न घेता, किंवा घेऊनही, रिक्षाने घरी येतो. त्या तीस साड्यांच्या घड्या घालून, शेवटची बस गाठायला धावणारी मुलगी आपल्याला दिसत नाही. मालकांना नाही म्हणणे कठीण असते, कारण आपण पुन्हा येणार नाही अशी त्यांना भीती असते. पण आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जाणे कठीण नसते. काउंटरमागे एखादी बाई स्टुलावर बसलेली दिसली आणि आपल्याला बघून उठू लागली, तर "बसा हो, आधी आम्ही नुसतंच बघतो," असे म्हणता येते. मालकांच्या कानावर ते एखाद्या गिऱ्हाइकाकडून पडले तर त्याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा दहा लेखांचा होत नाही.

राहिला जागेचा प्रश्न. काउंटरमागची बोळकांडी दोन-अडीच फुटांची असते, तिथे खुर्ची कशी मावणार, हे म्हणणे खरे आहे. खुर्ची मावत नाहीच. पण फूटभर रुंदीचे, पाठ नसलेले, काउंटरच्या उंचीपेक्षा थोडे बुटके स्टूल मावते. काउंटरच्या खालच्या कप्प्यात जिथे रिकामी खोकी आणि जुन्या बिलांचे गठ्ठे कोंबलेले असतात, तिथली एक खोक्याची जागा मोकळी केली तर गिऱ्हाईक आल्यावर ते पायाने आत सरकवता येते. तिघींना एकच पुरत नाही, निदान दोन लागतात. माप घेऊन गेले तर कोपऱ्यावरचा सुतार दोन दिवसांत करून देतो.